सुखान्ताची सक्ती

टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची ‘विचेस अब्रॉड’ ही विनोदी कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा अर्थ ‘परदेशी निघालेल्या चेटकिणी’ असा. धर्मशास्त्राला वाहिलेल्या पत्रिकेत चेटकिणींच्या कादंबरीचा परामर्श कशासाठी, असा प्रश्न आमच्या धर्मबंधूंपैकी काहींना पडेल. तो पडावा हे योग्यच आहे. आम्हीही हे पुस्तक प्रथम हाती घेतले ते एका दीर्घ रेल्वेप्रवासात केवळ करमणुकीसाठी. शंभर-दीडशे पाने वाचून होईपर्यंत मात्र हसता हसता आम्ही अस्वस्थ होऊ लागलो. दुसऱ्याचे कल्याण आपण ठरवलेल्या आराखड्याप्रमाणे, त्याला न विचारता घडवून आणण्याचा मोह, हा या कादंबरीचा खरा विषय आहे. हा मोह चेटकिणींपेक्षा धर्मगुरूंच्या अधिक परिचयाचा असावा.

लेखकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रॅचेट (१९४८–२०१५) हे आरंभी वृत्तपत्राचे बातमीदार, नंतर वीज-उत्पादन मंडळाचे प्रसिद्धी अधिकारी आणि शेवटी पूर्णवेळ कादंबरीकार. ‘डिस्कवर्ल्ड’ नावाच्या कल्पित जगाविषयी १९८३ पासून त्यांच्या ४१ कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. प्रस्तुत कादंबरी त्यांतली बारावी. ताटासारखे चपटे असे हे जग चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे आहेत. कूर्म आणि दिग्गज ऐकत वाढलेल्या आपल्याकडील वाचकाला यात नवल वाटू नये. प्रॅचेट ईश्वर मानीत नसत आणि ते लपवीतही नसत. तथापि नील गेमन यांच्या सहकार्याने लिहिलेली ‘गुड ओमेन्स’ ही १९९० सालची कादंबरी त्यांनी जी. के. चेस्टरटन या कट्टर कॅथलिक लेखकाच्या स्मृतीस अर्पण केली होती. परीकथा गंभीरपणे घ्यावी, तिच्यात नीतीचे मूळ असते, ही चेस्टरटन यांची शिकवण या अश्रद्ध शिष्याने किती पचवली होती, हे पुढे दिसेलच.

कथानक असे. डेसिडेराटा हॉलो नावाची एक म्हातारी चेटकीण मरणापूर्वी आपली जादूची कांडी मॅग्रट गार्लिक या तरुण, भाबड्या चेटकिणीकडे पाठवते. डेसिडेराटा ही एका मुलीची परी-धर्ममाता आहे. दूरच्या जेनुआ नगरात राहणाऱ्या त्या मुलीचे, एलाचे, राजपुत्राशी लग्न होता कामा नये, एवढे काम ती मॅग्रटवर सोपवते. शिवाय ग्रॅनी वेदरवॅक्स आणि नॅनी ऑग या दोन ज्येष्ठ चेटकिणींनी मुळीच सोबत जाऊ नये, असेही बजावते. अर्थात असे बजावल्यावर त्या दोघी निघणारच, हे ती ओळखून आहे. तेव्हा तिघी झाडूवर बसून निघतात. ग्रॅनी ताठ, करारी, परक्या मुलखाविषयी मनात पूर्ण अढी बाळगणारी. नॅनी गोल, आनंदी, खाण्यापिण्याची शौकीन आणि तोंडाने फटकळ. मॅग्रटच्या कांडीतून काही केल्या भोपळ्याखेरीज दुसरे काही निघत नाही. वाटेत त्यांना आपल्या लहानपणीच्या साऱ्या इंग्रजी-युरोपीय परीकथा एकेक करून भेटतात. जेनुआत पोहोचल्यावर कळते की त्या नगरावर लिली नावाची दुसरी परी-धर्ममाता आरशांच्या जादूने सत्ता चालवते, आणि ही लिली म्हणजे ग्रॅनीचीच थोरली बहीण. सिंड्रेलाची गोष्ट येथे पूर्ण उलटी फिरली आहे. लग्न होणे हे संकट आहे, आणि राजपुत्र हा मुळात बेडूक आहे.

येथे ‘चेटकीण’ या शब्दापाशी क्षणभर थांबणे भाग आहे, कारण मराठीत तो दोन निराळी चित्रे डोळ्यांपुढे उभी करतो. एक रंगभूमीवरची, रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण, जिला पाहून मुले घाबरतात आणि खिदळतातही. दुसरे चित्र हसण्याचे नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून तिचा छळ करण्याचे प्रकार घडत आले आहेत, आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला. युरोपात तर सोळाव्या-सतराव्या शतकांच्या आगेमागे चेटकीण म्हणून सुमारे ४० ते ६० हजार माणसे मारली गेली असे इतिहासकार मानतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. चेटकिणींच्या शोधाची कुप्रसिद्ध मार्गदर्शिका १४८६ साली लिहिली ती आपल्याच एका संन्यासी धर्मगुरूने, हाइनरिख क्रामर याने. ‘निर्गम’ २२:१८ हे वचन त्या काळी कोणाकोणाच्या तोंडी होते, हे आपण विसरू नये. प्रॅचेट यांच्या चेटकिणी यांपैकी कोणत्याच चित्रात बसत नाहीत. त्या गावच्या सुइणी आहेत, मयताला अंघोळ घालणाऱ्या आहेत, आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्या आहेत. जादू येत असूनही शक्यतो ती न करणे, यात त्यांची थोरवी आहे. आम्हांला वाचताना ‘पहिले शमुवेल’ अध्याय २८ मधील एन-दोरची स्त्री आठवत राहिली. भविष्य ऐकून शौल राजा जमिनीवर कोसळतो, तेव्हा तीच स्त्री त्याला चार घास खाण्याचा आग्रह करते, घरचे पोसलेले वासरू कापते आणि भाकरी भाजते. तिच्या चेटकाविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. त्या भाकरीविषयी आम्ही एकही ऐकलेले नाही.

आता जेनुआकडे वळू. या नगराचे बाह्यरूप लेखकाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्सवरून घेतले आहे. नदीचे मुख, दलदल, मसालेदार कालवण, कार्निव्हल हे सारे तिथे आहे, आणि कार्निव्हल म्हटल्यावर गोव्यातील वाचकांना अधिक सांगायला नको. लिलीच्या राज्यातले रस्ते स्वच्छ आहेत, घरे रंगवलेली आहेत, प्रजा हसतमुख आहे. हसतमुख नसणे हा तेथे गुन्हा आहे. खेळणी बनवणाऱ्या एका कारागिराला पकडले जाते. आरोप काय, तर तो गुबगुबीत-आनंदी नाही, काम करताना शीळ घालीत नाही, मुलांना गोष्टी सांगत नाही. परीकथेतला खेळणीवाला असा नसतो, म्हणून हाही असता कामा नये. हा प्रसंग वाचताना प्रथम हसू येते. मग लक्षात येते की जेनुआत कोणीही दुष्ट हेतूने वागत नाही. लिलीला लोक सुखी व्हायला हवे आहेत. फक्त सुख कसे दिसते हे तिने आधीच ठरवून ठेवले आहे, आणि माणसे त्या आकारात मावली नाहीत तर कापायची ती माणसे, आकार नव्हे.

या कल्पनेमागे लेखकाने एक विनोदी सिद्धान्त मांडला आहे. आपण समजतो की माणसे गोष्टी घडवतात. वस्तुतः गोष्टीच माणसांना पकडून घडवतात. एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली गेली की पाण्याने डोंगरात घळ पाडावी तशी ती वास्तवात चर पाडते, आणि मग जो कोणी त्या वाटेने जाईल तो त्या चरातूनच वाहत जातो. तिसरा मुलगा पराक्रमाला निघाला की तो यशस्वी झालाच पाहिजे. सावत्र आई आली की ती दुष्ट ठरलीच. विनोदाचा भाग सोडला तरी यात तथ्य आहे. आमच्या प्रवचनांतील विधवा नेहमी गरीब आणि श्रद्धाळू असते, शहरात गेलेला तरुण नेहमी भरकटतो, दारुड्या मरणशय्येवर पश्चात्ताप करतो. समोर बसलेल्या विधवेला काय वाटत असेल?

कादंबरीचा गाभा आमच्या मते लांडग्याच्या प्रसंगात आहे. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट रंगवायची म्हणून लिलीने रानातल्या एका लांडग्याला माणसासारखा विचार करायला लावले आहे. आता तो धड लांडगा राहिला नाही आणि माणूसही झाला नाही. त्याला शिकार जमत नाही, कळपात जाता येत नाही, भुकेने आणि मनातल्या गोंधळाने तो वेडा झाला आहे. आजीच्या पलंगावर आजीऐवजी ग्रॅनी झोपून राहते. लांडगा येतो, आणि दात विचकण्याऐवजी आपला शेवट करावा म्हणून गयावया करतो. लाकूडतोड्याची कुऱ्हाड पडते. मग ग्रॅनी त्या लाकूडतोड्यांना लांडग्याला नीट पुरायला लावते. शेकडो वर्षे आपण ही गोष्ट मुलांना सांगत आलो. लांडग्याच्या बाजूने तिच्यात काय घडते याचा विचार आम्ही तरी कधी केला नव्हता. विनोदी लेखक येथे विनोद पूर्ण बाजूला ठेवतो. ग्रॅनीचा संताप पाहून वाचकाला कळते की हे पुस्तक केवळ थट्टेसाठी लिहिलेले नाही. याच लेखकाच्या ‘कार्पे जुगुलम’ (१९९८) या कादंबरीत ग्रॅनी एका तरुण, शंकाग्रस्त पाळकाला पापाची व्याख्या सांगते. माणसाला वस्तू समजून वागवणे, येथून सारे पाप सुरू होते, असा तिचा आशय आहे. नीतिशास्त्राच्या वर्गात इतकी नेमकी व्याख्या आम्हांला क्वचितच मिळाली.

परी-धर्ममाता हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. सिंड्रेलाच्या गोष्टीत ही व्यक्ती येते ती फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या १६९७ सालच्या कथेत. ग्रिम बंधूंच्या संग्रहात (१८१२) तिच्याजागी आईच्या थडग्यावरील झाड आणि पक्षी आहेत. पेरो यांनी वापरलेला शब्द बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातेचाच. म्हणजे भोपळ्याची बग्गी करणारी ही बाई मुळात आपल्या दीक्षाकुंडापाशी उभी असते. आपल्या विधीत धर्ममाता काय करते? ती सैतानाला नकार देते आणि मग बाळाशेजारी उभी राहते. बाळाचे लग्न कोणाशी व्हावे, त्याने कोण व्हावे, हे तिच्या अधिकारात नाही. लिली ही पदभ्रष्ट धर्ममाता आहे, कारण ती शेजारी न राहता वर जाऊन बसली आहे. दोन आरशांच्या मधोमध उभे राहून स्वतःच्या असंख्य प्रतिमांतून ती शक्ती मिळवते. आपल्याच प्रतिमांनी वेढलेली हितकर्ती, हे रूपक आम्हांला फार मार्मिक वाटले.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आम्ही स्वतःच स्वतःला घातला. सुखान्तावर असा हल्ला करणारे पुस्तक ख्रिस्ती माणसाने कसे मानावे? आपली श्रद्धा तर पुनरुत्थानावर, म्हणजे साऱ्या सुखान्तांच्या सुखान्तावर उभी आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांनी परीकथेविषयीच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात (१९३९, निबंधरूपाने १९४७) हाच मुद्दा मांडला होता. परीकथेचा अनपेक्षित आनंददायी शेवट ही त्यांच्या मते शुभवर्तमानाची दूरची झलक आहे. परंतु टॉल्किन यांनीच असेही बजावले आहे की हा कलाटणीचा आनंद म्हणजे कृपा असते. ती पुन्हा घडेलच अशी खात्री धरता येत नाही. लिलीच्या नगरात कृपेला जागाच नाही, कारण तेथे सारे वेळापत्रकाप्रमाणे घडते. बाराचे ठोके पडलेच पाहिजेत, चपला जिन्यावर राहिलीच पाहिजे. प्रॅचेट यांना पुनरुत्थान मान्य नव्हते हे खरे. पण ज्या सुखान्तावर त्यांनी शस्त्र उपसले आहे तो आपलाही शत्रू आहे, असे आम्हांला वाटते.

हे इतक्या ठामपणे म्हणण्यास एक कारण आहे आणि ते सांगताना संकोच वाटतो. सीमाभागातील एका धर्मग्रामात आम्ही सेवेस असताना दोन भावांत जमिनीवरून वैर होते. धाकटा आपला वाटा विकून मुंबईस गेला, सारे गमावून परत आला. आमच्यापुढे लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला जणू तयारच होता. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, नेमके तेच शुभवर्तमान वाचल्यावर, आम्ही दोघांना वेदीपुढे बोलावले आणि आलिंगन द्यायला लावले. मंडळींचे डोळे पाणावले. आमचेही पाणावले. थोरला त्यानंतर महिना-दीड महिना मिस्साला आला नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा त्याने चहा दिला आणि शांतपणे म्हणाला, “फादर, दाखल्यात थोरला शेवटी घरात गेला का नाही, ते येशूनं सांगितलेलं नाही. मग तुम्ही का सांगितलंत?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. लूकची गोष्ट खरोखरच तेथे थांबते. बाप बाहेर येऊन विनवतो आहे, थोरला अंगणात उभा आहे, आतून वाद्यांचा आवाज येतो आहे. प्रभूने त्याच्यासाठी दार उघडे ठेवले. आम्ही त्याला धरून आत ढकलले.

म्हणूनच ग्रॅनी आणि लिली यांची अखेरची भेट आम्ही दोनदा वाचली. लिली म्हणते की चांगली आपणच. लोकांना सुखाचा शेवट देणारी वाईट कशी असेल? ग्रॅनीचे दुःख निराळेच आहे. थोरली बहीण घर सोडून मनमानी करायला गेली, म्हणून धाकटीला चांगले होणे भाग पडले. तिला तशी इच्छा नव्हती. वाईट व्हायची वेळ आली असती तर ती लिलीपेक्षा कितीतरी सरस वाईट झाली असती, हे तिला पक्के ठाऊक आहे, आणि ते ती लपवीत नाही. येथे दाखल्यातील वयांची अदलाबदल झाली आहे, पण माणूस तोच आहे: घरी राहून राबलेला, चांगुलपणाचे ओझे वाहून कडवट झालेला. त्या कडवटपणासह तो चांगला राहतो, हे प्रॅचेट यांनी ज्या आदराने दाखवले आहे तितका आदर आमच्या प्रवचनांतून थोरल्या पुत्राला मिळत नाही. शेवटी दोघी बहिणी आरशांच्या आतल्या जगात सापडतात. असंख्य प्रतिमांतून खरी कोणती ते ओळखल्याशिवाय सुटका नाही. लिली प्रतिमांमागून धावत सुटते. ग्रॅनी स्वतःकडे पाहते आणि थोडक्यात उत्तर देते.

ग्रॅनी दुसऱ्यावर सक्ती करीत नाही काय? करते, लेखक तिला बऱ्याचदा झुकते माप देतो हा या पुस्तकाचा एक दोष आहे. तथापि दलदलीत राहणाऱ्या मिसेस गोगोल या वूडू-चेटकिणीला एलाच्या पित्याची सत्ता परत आणायची असते, तेव्हा ग्रॅनी तिलाही अडवते. एका जुलमाच्या जागी दुसरी सोय नको, मुलीला काय हवे ते मुलीने ठरवावे, असा तिचा हट्ट आहे. त्यासाठी ती पेटत्या मशालीत स्वतःचा हात घालते, आणि जळते ती मिसेस गोगोलच्या हातातली बाहुली. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी आपले अंग भाजून घेण्याची तयारी पाहून ख्रिस्ती वाचकाला काय आठवावे हे आम्ही सांगत नाही. लेखकाच्या मनात तसे काही नसणारच.

इतर दोष थोडक्यात. पूर्वार्ध सैल आहे. प्रवासातले प्रसंग माळेतून मणी ओवावे तसे येतात, आणि परभाषांवरचे नॅनीचे विनोद काही ठिकाणी कंटाळवाणे होतात. जिच्या स्वातंत्र्यासाठी एवढा खटाटोप, ती एला मात्र पुसट राहिली आहे. तिला काय हवे ते आपल्याला कार्निव्हलची रात्र सोडली तर फारसे कळत नाही. वूडू हा गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी अपार यातनांतून, आपल्या संतांच्या प्रतिमांशी सांगड घालून जपलेला धर्म आहे. येथे तो बव्हंशी नेपथ्यापुरता वापरला गेला, याचे वाईट वाटते. ग्रीबो नावाचा बोका मात्र निर्दोष आहे.

इंग्रजी वाचणाऱ्या धर्मशिक्षकांनी हे पुस्तक अवश्य मिळवावे. मुलांच्या हाती देण्यापूर्वी नॅनीची गाणी आणि चावट बोलणे ध्यानात घ्यावे. ज्यांना सवड नाही त्यांनी निदान लांडग्याचा भाग वाचावा आणि पुढच्या रविवारच्या वर्गात मुलांना लाल टोपीची गोष्ट सांगून, लांडग्याला काय वाटले असेल ते विचारावे. उत्तरे मात्र त्यांची त्यांना देऊ द्यावीत. परीकथांचा परतीचा रस्ता ठरलेला आणि जवळचा असतो. या तिघी मुद्दाम लांबच्या वाटेने घरी जातात, कारण त्यांना हत्ती पाहायचा असतो. आमच्या लहानपणी तो सर्कशीबरोबर दारावरूनच जाई.